गोळ्यात गोळा, त्यात गोळा: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात चिनी हस्तिदंती कोरीवकामाचे चार फोटो छापले होते. एक जाळीदार गोळा, एक चार पुडांचा डबा, एक बाईची मूर्ती आणि एक हाताखाली घ्यायची पट्टी. त्यावर एवढे प्रश्न आले की हे अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावलेली पत्रंही घेतलीत.

प्रश्न: त्या गोळ्याच्या आत आणखी गोळे दिसतात, सगळे सुटे फिरतात म्हणता. मग ते आत घातले कसे? दोन अर्ध्या वाट्या चिकटवल्या असणार, उगाच आपल्याला चमत्कार म्हणून सांगतात. (नाशिकहून एक ताई)

ताई, आत काही घातलेलंच नाही. सगळे गोळे जागच्या जागी, एकाच तुकड्यातून सुटे केलेले असतात. शंका मात्र रास्त आहे, कारण हाडाचे किंवा रेझिनचे स्वस्त गोळे बाजारात मिळतात त्यातले बरेच खरंच अर्धे-अर्धे जोडलेले असतात.

खरा गोळा असा करायचे. हत्तीच्या सुळ्याचा भरीव, जाड भाग घ्यायचा (सुळा मुळाकडे पोकळ असतो, तो भाग इथे कामाचा नाही), लेथवर चढवून तंतोतंत गोल करायचा. मग त्यावर सगळीकडून सारख्या अंतरावर भोकं पाडायची, बहुतेक गोळ्यांना चौदा असतात. चौदाच का, तर चौकोनी ठोकळ्याला सहा बाजू आणि आठ कोपरे असतात, त्या चौदा दिशा धरल्या की गोळ्यावर भोकं नीट वाटली जातात. भोक शंकूसारखं, बाहेर रुंद आणि आत निमुळतं, मध्याच्या जवळ ठरलेल्या खोलीवर थांबणारं. इथपर्यंतचं काम बरा कातारी करू शकेल. खरी गंमत पुढे आहे. टोकाला काटकोनात वाकवलेली, इंग्रजी एल अक्षरासारखी पोलादी हत्यारं असतात, प्रत्येक थरासाठी वेगळ्या लांबीचं. ते हत्यार भोकातून आत घालायचं आणि सगळ्यात आतल्या थराच्या पातळीवर आडवं कापत जायचं. एका भोकातून जेवढं कापता येईल तेवढं कापलं की दुसऱ्या भोकात. आधी कापून झालेल्या भोकांत खुंट्या ठोकून सगळं हलू नये म्हणून पक्कं धरायचं. असं करत करत शेजारशेजारच्या भोकांतून केलेले काप आत एकमेकांना भेटले की मधला गोळा सुटतो आणि खुळखुळतो. मग त्याच्या बाहेरचा थर, मग त्याच्या बाहेरचा, असं आतून बाहेर यायचं. थर सुटे झाले की त्याच भोकांतून बारीक आकडे घालून आतल्या थरांवर जाळी कोरायची, आणि सगळ्यात बाहेरच्या जाड थरावर ड्रॅगन आणि ढग.

आता हिशोब करा. समजा गोळा १२ सेंटिमीटर व्यासाचा आणि थर वीस. त्रिज्या ६० मिलिमीटर, म्हणजे एका थराच्या वाट्याला फटीसकट सरासरी ३ मिलिमीटर, आणि बाहेरचा थर जाड ठेवायचा असतो म्हणजे आतल्यांच्या वाट्याला त्याहून कमीच. आणि हे सगळं न बघता, कारण हत्यार आत गेलं की टोक दिसत नाही, हाताला काय लागतंय आणि आवाज कसा येतोय यावरच काम. एक चूक झाली तर सगळा गोळा गेला, महिन्यांची मेहनत पाण्यात.

चिकटवलेला आहे की नाही याचा पुरावा गोळ्यातच असतो. बारीक काडी भोकातून घालून एकेक थर हळूहळू फिरवत राहिलं की शेवटी सगळ्या थरांची भोकं एका रेषेत येतात आणि बाहेरून थेट मधोमध दिसायला लागतं. एकाच आरपार भोकातून सगळे थर कापले गेलेत म्हणूनच हे जुळतं.

चीनमध्ये याला भुताच्या हातचं काम म्हणायचे. त्साओ झाओ नावाच्या जाणकाराने १३८८ साली जुन्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं त्यात असा एक गोळा आहे, मधून एक आरपार भोक आणि आत फिरणारे थर, आणि लोक म्हणतात की तो सोंग राजवटीच्या राजवाड्यातला, अशी नोंद. पुढे हे काम ग्वांगझोउचं, म्हणजे जुन्या लोकांच्या कॅन्टनचं. तिथल्या वंग घराण्याने पिढ्यानपिढ्या हेच केलं, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांचा पंचविसेक थरांचा गोळा गेला होता, नंतर डेंटिस्टसारखी विजेची ड्रिलं आली आणि आकडा चाळीसच्या वर गेला. माझं स्पष्ट मत सांगू का, इथून पुढे ती नुसती शर्यत झाली. चाळीस थर डोळ्याला दिसतही नाहीत, पहिल्या सात-आठ थरांनंतर आत नुसता अंधार. गोळ्यापेक्षा कितीतरी भारी कामं या लोकांनी केलीत पण फोटो गोळ्याचाच फिरतो.

प्रश्न: मग भारी कामं कोणती? (वरचं उत्तर वाचून आमच्याच ऑफिसातून आलेला प्रश्न)

ती हाताखालची पट्टी बघा, गेल्या अंकात सगळ्यात छोटा फोटो तिचाच छापला, तो अन्यायच झाला. चिनी लिहिणारा ब्रश उभा धरून वरून खाली, उजवीकडून डावीकडे लिहायचा, मग ओल्या शाईवर मनगट टेकू नये म्हणून खाली एक लांबट पट्टी घ्यायचे. सुळ्याच्या पोकळ भागाचा उभा काप काढला की वरून फुगीर, खालून खोलगट अशी पट्टी आपोआप मिळते. वरची बाजू जवळजवळ साधी, कारण तिथे हात टेकणार. आणि पालथी केली की खालच्या खोलगट बाजूला अख्खा देखावा, डोंगर, पाइनची झाडं, ढगांतून येणारे सिद्धपुरुष, एवढं खोल कोरलेलं की बोटाचं टोक आत जाईल. म्हणजे ज्या बाजूने वापरायची ती साधी आणि जी बाजू टेबलावर टेकून झाकली जाते तिथे सगळी कारागिरी. मालकाला माहीत, पाहुण्याला दाखवायची असेल तर उलटून दाखवायची.

दुसरं, बाईच्या मूर्तीबद्दल दोघातिघांनी विचारलं की ती एका बाजूला झुकलेली का. सुळा वाकडा असतो म्हणून. मिंग काळातल्या ग्वानयिनच्या मूर्ती बघा, ही करुणेची बौद्ध देवता, कंबरेत किंचित वळलेली, मान थोडी कललेली, आणि ते इतकं सहज वाटतं की आपण समजतो कलाकाराने मुद्दाम डौल दिलाय. डौल दिलाय हे खरंच, पण वळण सुळ्याचं आहे. सुळा सरळ करायला गेलं तर निम्मा माल वाया जातो, त्यापेक्षा वळणातूनच बाई उभी करायची. मला विचाराल तर सगळ्या कलेचं मर्म इथे आहे, चाळीस थरांत नाही.

प्रश्न: हस्तिदंतच का? लाकूड, संगमरवर, जेड सगळं होतं की चीनकडे. (ठाणे)

लाकडाला रेषा असतात, रेषेच्या आडवं बारीक कापलं की तुकडा उडतो. जेड एवढं कठीण की ते कोरत नाहीतच, वाळूसारख्या भुकटीने घासत घासत झिजवतात. हस्तिदंत मधोमध बसतो. तो दातच आहे, खनिजाच्या जोडीला त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं म्हणून कठीण असूनही थोडा लवचीक, कुठल्याही दिशेने कापता येतो आणि पॉलिश केला की आतून उजेड आल्यासारखा दिसतो. पातळ करत गेलं तर पारदर्शकतेपर्यंत जातो.

तो चार पुडांचा डबा तैवानमधल्या तैपेइच्या नॅशनल पॅलेस म्युझियममधला आहे. आपला जेवणाचा डबा असतो तसाच, वर मूठ, एकावर एक पुडं, फक्त भिंती सगळ्या जाळीच्या, मलमलीतून बघावं तसं पलीकडचं दिसतं. त्यात खायला कुणी काही ठेवलं असेल असं वाटत नाही, धक्का लागला तरी मोडेल. ग्वांगझोउची हवा दमट आणि उबदार, म्हणून हस्तिदंत तडकत नाही आणि एवढी जाळी तिथेच जमली असं म्हणतात. बेजिंगच्या कोरड्या थंडीत तोच तुकडा चिरा पडून जाईल, त्यामुळे तिकडचे कारागीर भरीव मूर्तींकडे वळले हेही त्यात आलं.

आणि चटया! यावर वेगळा लेख होईल. सुळे भिजवून मऊ करायचे, त्यांचे साधारण तीन मिलिमीटर रुंदीचे कागदासारखे पातळ पट्टे सोलायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि चटईसारखे विणायचे. उन्हाळ्यात पलंगावर अंथरायला, अंगाला गार लागते म्हणून. बेजिंगच्या राजवाडा म्युझियममध्ये अशी माणूसभर लांबीची चटई आहे, गुंडाळता येते. यात किती सुळे वाया गेले असतील त्याची कल्पनाच करा, कारण गाठ किंवा तडा नसलेला भागच चालतो. योंगझेंग बादशहा काटकसरी, त्याने १७३४ मध्ये ग्वांगडोंगला (ग्वांगझोउ याच प्रांतात) हुकूमच पाठवला की असल्या चटया बनवू नका, फार उधळपट्टी आहे. बादशहालाही जास्त वाटलं म्हणजे बघा.

प्रश्न: हे बनवणारे कोण होते? की आपल्या लेण्यांसारखं, नाव कुणाचंच नाही? (औरंगाबाद)

बहुतेकांची नाहीतच. पण राजवाड्यात कारखाना होता आणि तिथे कामाची नोंद राहायची, त्यामुळे अठराव्या शतकातली काही नावं पक्की माहीत आहेत. ग्वांगडोंगमधून चांगले कारागीर निवडून बेजिंगला पाठवत. त्यातला चेन झूझांग सगळ्यात मोठा. त्याचं नावाजलेलं काम मात्र हस्तिदंताचं नाही, ऑलिव्हच्या बीचं आहे. १७३७ साली त्याने एका बीमध्ये बोट कोरली, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर, बोटीत आठ माणसं, उघड-बंद होणाऱ्या खिडक्या, आणि बोटीच्या तळाला कवी सू शीची लाल कड्यावरच्या नौकाविहाराची सगळी रचना, तीनशेच्या वर चिनी अक्षरं. तीही तैपेइलाच आहे, समोर भिंग लावून ठेवलीय.

१७४१ च्या सुमाराला याच चेन झूझांगने आणखी चौघांबरोबर बारा पानांचा एक हस्तिदंती अल्बम केला. वर्षाचे बारा महिने आणि राजघराण्यातल्या बायका काय करतात, कुठे पट मांडलाय, कुठे झोपाळा, कुठे चांदणं बघतायत. मूळ चित्रं चेन मेइ या दरबारी चित्रकाराची, त्यावरून हे कोरलं. पाच जणांचं काम असून शिवण दिसत नाही, कुठे एकाचा हात संपला आणि दुसऱ्याचा सुरू झाला ते ओळखता येत नाही.

याच्या उलट टोक बघायचं तर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत चीनने १९७४ ला दिलेली भेट आहे. चंगदू ते कुनमिंग रेल्वेचा हस्तिदंती देखावा, आठ सुळे, ९८ माणसं, दोन वर्षांहून जास्त काळ. पूल, बोगदे, डब्यातली माणसंसुद्धा. कारागिरी अफाट, पण मला ते बघून सरकारी कॅलेंडरच आठवतं, राग मानू नका.

प्रश्न: जुन्या गोव्यात हस्तिदंती येशू आणि मेरी बघितल्यात, डोळे अगदी चिनी वाटले. काही संबंध आहे का? (म्हापसा)

आहे, पण प्रत्येक मूर्तीचा नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोक मनिलात बसले आणि समोरच्या चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरून चिनी व्यापारी-कारागीर तिथे आले. पाद्र्यांनी युरोपातली चित्रं हातात दिली, यांनी बाळ येशू आणि मेरी कोरून दिले. १५९० मध्ये मनिलाच्या बिशपने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात या चिनी कारागिरांच्या हस्तिदंती बाळ येशूचं तोंड भरून कौतुक आहे. त्यांनी ग्वानयिन कोरून कोरून हात बसवलेला, त्यामुळे जड पापण्या, लांब कानाच्या पाळ्या, गळ्यावरच्या वळ्या आपोआप मेरीलाही आल्या. या मूर्ती जहाजातून मेक्सिकोपर्यंत गेल्या.

गोव्यात मात्र आपल्याकडच्या कारागिरांचं स्वतःचं मोठं काम होतं. छोटा येशू मेंढपाळ होऊन डोंगरासारख्या चढत्या चौथऱ्यावर बसलाय, गालाला हात लावून डोळे मिटलेत, मांडीवर कोकरू, खाली झरा आणि मेंढ्या, पायथ्याशी गुहेत आडवी पडलेली येशूची शिष्या मॅग्डालीन. ही घडण गोव्याची आणि इथल्या किनाऱ्याची, तिला चिनी म्हणू नका. ध्यानस्थ बुद्ध आणि बाळकृष्ण दोन्ही त्यात दिसतात असं अभ्यासक म्हणतात, आणि बघितलं की पटतं. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिश्चन कला संग्रहालयात निवांत उभं राहून बघता येतात.

मुंबईचाही संबंध आहे, तो मालाचा. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचा हस्तिदंत मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि इथून लंडनला आणि चीनला जायचा, कच्छी व्यापाऱ्यांचा त्यात मोठा हात. परतीच्या जहाजांतून कॅन्टनचे पंखे, शिवणाचे डबे, बुद्धिबळाचे सेट यायचे, चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घरांत गाऱ्याच्या, म्हणजे चिनी भरतकामाच्या, साड्यांबरोबर हेही आलं.

प्रश्न: ती डॉक्टरकडे न्यायची चिनी हस्तिदंती बाहुलीची गोष्ट खरी का? बायका लाजेखातर बाहुलीवर बोट ठेवून दुखणं सांगायच्या म्हणे.

गोष्ट छान आहे, पण आडव्या झोपलेल्या त्या नग्न बाहुल्या बहुतेक परदेशी गिऱ्हाइकांसाठीच केल्या असाव्यात असं आता बरेच जाणकार मानतात. दुकानदाराला माल खपवायला डॉक्टर बरा पडला.

प्रश्न: तुम्ही हत्ती मारून केलेल्या वस्तूंचं कौतुक छापता, लाज वाटत नाही का? (पुणे, नाव न छापण्याची विनंती)

पत्र यातलं सगळ्यात लांब होतं, गाभा घेतलाय. एक गोष्ट आधी सांगतो, बऱ्याच जणांना वाटतं सुळे गळून पडतात किंवा कापून घेता येतात. सुळ्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीच्या आत असतो, पूर्ण सुळा पाहिजे तर हत्ती मेलेलाच पाहिजे. आणि गोळ्याला, मूर्तीला पूर्ण जाड सुळाच लागतो.

चीनमध्ये एकेकाळी स्वतःचे हत्ती होते. आन्यांगला १९७६ मध्ये राणी फू हाओची कबर सापडली, तीन हजार वर्षांहून जुनी, त्यात फिरोजा रत्न जडवलेले हस्तिदंती पेले निघाले, तेव्हा उत्तर चीनमध्ये हत्ती फिरत होते. जंगल गेलं, हत्ती दक्षिणेला सरकत युन्नानच्या कोपऱ्यात उरले आणि माल बाहेरून यायला लागला. आफ्रिकन हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी ठरली. मग २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडच्या चार देशांना साठलेला माल एकदाच विकायची परवानगी दिली, चीनने ६२ टन घेतला. हेतू चांगला होता म्हणे, कायदेशीर माल मिळाला की चोरटा बंद होईल, झालं उलटंच, कायदेशीर दुकानाच्या आडून चोरटा माल खपायला लागला. २०१६ ला आफ्रिकेतल्या १८ देशांची हवाई गणती आली त्यात साडेतीन लाखांच्या आसपास गवताळ प्रदेशातले हत्ती, आणि सात वर्षांत तीस टक्के घट.

चीनने २०१७ च्या शेवटी देशातला सगळा हस्तिदंत व्यापार बंद केला, कारखान्यांसकट. भावावर परिणाम त्याआधीच दिसला होता, २०१४ मध्ये किलोला २१०० डॉलरच्या आसपास असलेला कच्चा माल २०१७ च्या सुरुवातीला ७३० वर आला. गंमत म्हणजे याच कलेला २००६ मध्ये चीन सरकारने राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातलं होतं. कारागीर आता मॅमथचे, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचे, सुळे कोरतात, सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारे, काही जण गुरांच्या हाडांवर आलेत. मॅमथचा रंग बाहेरून तपकिरी, तडे जास्त, तरी हात तोच.

जुन्या वस्तू कोरणाऱ्याचं कौतुक मी करणार, आणि नवी वस्तू कुणी विकत घेतली तर त्याला शिव्याही देणार. दोन्ही एकदम होऊ शकतं. तुम्हाला नाही पटलं तर पत्र पाठवा, छापू.

प्रश्न: आजेसासऱ्यांनी आणलेला असाच गोळा घरात आहे. खरा आहे का ते कसं ओळखू, आणि ऑनलाइन विकला तर किती येतील? (दादर)

शेवटचं आधी. विकू नका, जाहिरातसुद्धा टाकू नका. आपल्याकडे भारतीय हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने आणि आफ्रिकेतून आलेल्याचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालाय, जुना आहे हे कारण चालत नाही. जवळ ठेवण्याबद्दल काय कागद लागतात ते वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात विचारा आणि लेखी घ्या. मुलाकडे अमेरिकेला जाताना बॅगेत टाकू नका, कस्टमवाले ठेवून घेतील.

ओळखायचं तर सुई तापवून टोचण्याचा जो उपाय यूट्यूबवर सांगतात तो अजिबात करू नका, खरा असेल तर डाग कायमचा पडेल. भिंगाने बघा. गोळ्याच्या किंवा बुडाच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानीसारख्या रेषा दिसल्या तर हत्ती किंवा मॅमथ. बाहेरच्या कडेजवळ त्या रेषांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर हत्ती, ९० हून लहान असेल तर मॅमथ. रेषा नाहीत आणि बारीक काळे ठिपके किंवा खळगे दिसतायत तर हाड. साच्याची शिवण किंवा आत बुडबुडा दिसला तर प्लास्टिक. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा मिळाला तर अंधारात धरून बघा, हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, प्लास्टिक बहुधा मंद राहतं.

आणि शोकेसमधला तो पिवळा बल्ब काढा, त्याच्या उष्णतेने चिरा पडतात. पाण्याने धुवायचा नाही, तेल लावायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे. थर मोजायचे असतील तर टूथपिक वापरा, सुई नको, आणि नातवंडं झोपल्यावर मोजा.